मराठी शब्दांकनासाठी व्हिस्पर: टायपिंग वाचते, ऐकणे वाचत नाही

मुलाखती, व्याख्याने, बैठका यांचे शब्दांकन करणाऱ्यांनी ओपनएआय कंपनीचे, बोलण्याचा मजकूर करून देणारे व्हिस्पर वापरून पाहावेच. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले हे मॉडेल मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर चालते. नाव न छापण्याच्या अटीवर बोललेल्या माणसाचे रेकॉर्डिंग कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. पत्रकारांना आणि वकिलांना एवढे एक कारण पुरे.

व्हिस्पर लहान-मोठ्या आकारांत मिळते. मराठीसाठी त्यातल्या 'स्मॉल' मॉडेलवर वेळ घालवू नका, ते वाक्येच्या वाक्ये मोडते. पहिल्या व्हिस्परच्या ६,८०,००० तासांच्या प्रशिक्षणात इंग्रजीखेरीज ९६ भाषांना मिळून १,१७,००० तासच आले होते. नोव्हेंबर २०२३ मधले 'लार्ज-व्ही३' घ्या. त्याला साधारण १० जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड लागते. तेवढे नसेल तर 'फास्टर-व्हिस्पर' या व्हिस्पर चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तेच मॉडेल आठ-बिट या आटोपशीर रूपात बऱ्याच कमी मेमरीत बसते. 'टर्बो' या वेगवान मॉडेलला सुमारे ६ जीबी पुरतात, मात्र मराठीतून थेट इंग्रजी भाषांतर त्याच्याकडून करून घेता येत नाही.

भाषा मराठी आहे हे आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यास पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरते. सूत्रसंचालकाने हिंदीत स्वागत केले असेल, तर पुढच्या मराठी बोलण्यातही 'आहे'चे 'है' होत जाते.

खरी डोकेदुखी न बोललेल्या वाक्यांची. व्हिस्पर आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे घेते आणि पुढचा शब्द आवाजावरून तसेच आधीच्या मजकुरावरून ठरवते. मध्येच शांतता आली किंवा नुसता पंखा ऐकू येत असला, की आवाजातून काही हाती लागत नाही. मग ते एखादे वाक्य स्वतःच रचते किंवा मागचेच वाक्य दहा वेळा लिहिते. २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंग्रजी रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा सुमारे १ टक्का तुकड्यांत अशी रचलेली वाक्ये निघाली. उपाय दोन: शांत जागा गाळणारा 'व्हीएडी' फिल्टर लावा आणि आधीच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला पुरवणारी 'कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट' ही सेटिंग बंद ठेवा.

पण हे बंद केले की दुसरीकडे अडते. गावांची आणि माणसांची नावे बरोबर यावीत म्हणून 'इनिशियल प्रॉम्प्ट'मध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सूचनेत, दिलेली यादी पहिल्या तुकड्यापुरतीच लागू राहते. ओपनएआयच्या मूळ प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत 'कॅरी इनिशियल प्रॉम्प्ट' सुरू करा, म्हणजे ती प्रत्येक तुकड्याला लागते. या यादीची मर्यादा २२४ टोकनची, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे करते त्यांची, आहे आणि एका मराठी शब्दाला अनेक टोकन लागतात. त्यामुळे अगदी अडणारी नावेच द्या.

तपासताना 'ळ' आणि 'ण' आधी पाहा. 'काळ'चा 'काल' झाला तर शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. त्याहून धोक्याचा वाक्याच्या शेवटी पुटपुटलेला 'नाय'. 'मी सही केली नाय'मधला तो एक शब्द गळला, की जबाबच उलटा होतो, आणि वाक्य मात्र निर्दोष दिसते. म्हणून मजकूर नुसता डोळ्यांखालून घालू नका, रेकॉर्डिंग सुरू ठेवूनच वाचा. आकडे, तारखा आणि नकार असतील तिथे मागे जाऊन पुन्हा ऐका.

बोलीभाषेच्या अभ्यासकांनी यावर विसंबू नये. मालवणी 'खंय' किंवा वऱ्हाडी 'करून राह्यला' हे मॉडेल प्रमाण मराठीकडे ओढून नेते, आणि अभ्यासाला हवे असते नेमके तेच पुसले जाते.

एका तासाच्या स्वच्छ मुलाखतीला हाताने चार तास सहज जातात. व्हिस्परच्या मसुद्यावर साधारण दोन. 'फक्त तपासून द्या' म्हणत निम्म्याहूनही कमी दर सांगणाऱ्यांना हा हिशेब दाखवा आणि दर रेकॉर्डिंगच्या मिनिटांवरच ठरवा. चौघे एकदम बोलणाऱ्या परिसंवादासाठी मात्र मसुदा तपासण्याचा हा दर घेऊ नका. कोण बोलतेय हे व्हिस्पर सांगत नाही, एकमेकांवर चढलेले आवाज सरळ गाळते, आणि तो मसुदा दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्यापासून टाइप करणे लवकर होते.