हाड जुळत नाही: कंबरेचं हाड, कृत्रिम हाड की इंजेक्शन?

नडगी मोडून नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रे जिथल्या तिथे, तर त्याला आम्ही नॉनयुनियन म्हणतो. नाशिकच्या माझ्या ओपीडीत असा पेशंट येतो तेव्हा पिशवीत तीन सल्ले असतात. एकाने कंबरेचं हाड काढून लावायला सांगितलेलं असतं, दुसऱ्याने कृत्रिम हाड, तिसऱ्याने पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटचं इंजेक्शन. घरच्यांनी कुणाचं ऐकायचं?

निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना मी द्राक्षबागेवरूनच समजावतो. वेलाला मांडव लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लागते. आणि काडीत जिवंत डोळा नसेल तर मांडव नि पेस्ट दोन्ही वाया. नव्या हाडाचंही तसंच: पेशींना पसरायला सांगाडा, त्यांना कामाला लावणारी प्रथिनं आणि हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी. विकत मिळणारं बहुतेक साहित्य यातलं एखाद-दुसरंच देतं. तिन्ही एकत्र मिळतात ते तुमच्याच कंबरेच्या हाडात.

पण त्याआधी एक्स-रे नीट बघू द्या. मोडलेल्या जागी भरपूर कॅलस, म्हणजे शरीराने घातलेलं नवं कच्चं हाड, आहे आणि मधली रेघ तेवढी जात नाही, तर शरीर हाड बनवतंय, रॉड किंवा प्लेट हलतेय. मांडवाचा खांबच डुगडुगतोय म्हणा ना! तिथे बहुतेक वेळा पकड घट्ट केली की काम होतं, वरून काही भरावं लागत नाही. कॅलसच नाही, टोकं निमुळती होऊन बसलीत, तर मात्र ग्राफ्टचा, म्हणजे तिथे हाड किंवा हाडासारखं साहित्य भरण्याचा विचार. आणि आत पू असेल तर आधी ती जागा साफ, मग बाकीचं.

कंबरेचं हाड काढताना पट्ट्याच्या जागी छोटा छेद घेऊन आतला मऊ, रक्ताळलेला भाग खरवडून घेतात. तो वाटीत ओल्या लाल भुशासारखा दिसतो. सुकू न देता लगेच नडगीत बसवायचा, कारण त्यातल्या पेशी जिवंत हव्यात. तोटे खरे आहेत: हाड मोजकंच मिळतं, आणि कंबर दुखते. पिंपळगावचे एक काका सांगत होते, "साहेब, पायापेक्षा कंबरच जास्त छळते." त्यांना काही आठवडे काठी लागली. तरीही नडगी जुळत नसेल तर माझी पहिली पसंती हीच, आणि स्वतःच्या घरातल्या माणसाला मी हेच सांगेन.

कृत्रिम हाड म्हणजे मुख्यतः सांगाडा. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे शुद्ध केलेलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, दोन-तीन महिन्यांत विरघळतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला त्याहून बराच वेळ लागतो, आणि हायड्रॉक्सीअपाटाइट वर्षानुवर्षं तसंच राहतं. लॅरी हेंच यांनी 1969 साली शोधलेली बायोअॅक्टिव्ह काच हाडाला थेट चिकटते. गुडघ्याखालचं दबलेलं हाड उचलल्यावर राहिलेली पोकळी किंवा गाठ खरवडल्यावरचा खड्डा भरायला हे साहित्य उत्तम, कारण आजूबाजूचं हाड जिवंत असतं. सुस्त पडलेल्या नॉनयुनियनमध्ये नुसती पावडर भरून भागत नाही.

दात्याचं हाड या दोन्हींच्या मधलं. सांधा बदलताना काढलेले खुब्याचे गोळे टिश्यू बँकेत स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. मुंबईत टाटा मेमोरियलची अशी बँक आहे. कंबर वाचते, हाडही जास्त मिळतं, पण त्यात पेशी जिवंत नसतात. अशाच हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढलं तर आतली प्रथिनं मोकळी होतात. मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये तसं हाड स्नायूत ठेवलं आणि चक्क स्नायूत नवं हाड तयार झालं!

त्यातूनच पुढे बीएमपी, म्हणजे पेशींना हाड बनवायला लावणारं प्रथिन, हाती आलं. प्रयोगशाळेत बनवलेल्या बीएमपी-2 ला अमेरिकेत 2002 मध्ये मणक्याच्या ऑपरेशनसाठी आणि 2004 मध्ये नडगीच्या ताज्या, उघड्या फ्रॅक्चरसाठी मान्यता मिळाली. बागेच्या भाषेत ही पेस्ट जोरदार आहे, पण नको तिथेही हाड वाढू शकतं. मानेच्या मणक्यात वापरल्यावर सूज येऊन श्वास अडकल्याचे प्रकार झाले, तेव्हा 2008 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला. गरोदरपणात आणि कॅन्सरच्या गाठीजवळ ते वापरत नाहीत. शिवाय फार महाग. निवड म्हणून मी याला मागेच ठेवतो.

कंबरेतून सुईने काढलेला, गाळून दाट केलेला अस्थिमज्जेचा रस मला जास्त आशादायक वाटतो. फ्रान्सच्या हर्निगू यांनी 2005 मध्ये नडगीच्या 60 नॉनयुनियनमध्ये तो सोडला, 53 जुळल्या. न जुळलेल्यांत पेशी कमी पडल्या होत्या. मोठा छेद नाही, पण टोकं जवळ आणि पकड घट्ट हवी. पीआरपीत मात्र रक्तातल्या प्लेटलेट असतात, हाड घडवणाऱ्या पेशी नसतात. मोठं हाड जुळवण्यासाठी त्याचा खात्रीलायक फायदा सिद्ध झालेला नाही. एक ताई तीन इंजेक्शनं घेऊन आल्या होत्या, सोनं गहाण ठेवून. हाड होतं तसंच होतं. मला फार वाईट वाटलं.

टेरिपॅराटाइड हे रोज पोटावर किंवा मांडीवर घ्यायचं इंजेक्शन ठिसूळ हाडांसाठी आहे. ते आजीच्या मणक्याला जरूर द्या, तरुणाच्या नडगीसाठी त्यावर विसंबू नका.

कोणताही पर्याय घ्या, ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी मिश्री, तंबाखू आणि विडी बंद करा. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात आणि कंबरेचं उत्तम हाडही उपाशी राहतं. साखर आणि ड जीवनसत्त्व तपासा. इम्प्लांट आणि ग्राफ्टची किंमत वेगवेगळी लिहून मागा, आणि नुसत्या पकडीने काम होणार असेल तर ग्राफ्ट कशासाठी, हे डॉक्टरांना एक्स-रे हातात धरून विचारा.