एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर?

दोन्ही प्रकारच्या गाड्यांत क्लचचं पेडल नाही, म्हणून शोरूममध्ये दोन्ही ‘ऑटोमॅटिक’च. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी ॲक्चुएटर, म्हणजे एक छोटं यंत्र, हलवतो. स्वस्त, मायलेज मॅन्युअलच्या जवळपास. झटका बसतो, पण गिअर बदलताना ॲक्सिलरेटर किंचित सोडला की कमी होतो.

खरी परीक्षा कसारा घाटातल्या कोंडीत. चढावर एएमटी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली तर क्लच घसरून तापतो, जळका वास येतो. तिथे ब्रेकच दाबा. बऱ्याच एएमटींत ‘पी’ (चाकं अडकवणारा पार्किंगचा गिअर) नसतो, त्यामुळे उभी करताना हँडब्रेक हवाच.

टॉर्क कन्व्हर्टर क्लचऐवजी तेलातून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवतो. झटके कमी, चढावर निवांत. महाग आणि पेट्रोल थोडं जास्त पितो, तरी रोज घाट असेल तर हाच.

जुनी एएमटी घेताना चढावर थांबवून पुढे काढा. थरथरली तर आधी क्लच तपासून घ्या.