आमदारकीचे तीन रस्ते: शाखा, पदवीधर की स्वतःची फौज

गेल्या रविवारी भाचा आला कोपरखैरण्याहून, जेवणं झाली, बायका आत गेल्या तसा हळूच खुर्ची पुढे ओढून म्हणाला मामा एक विचारायचंय. मला वाटलं पैसे पाहिजेत. तर म्हणे आमदारकीचं डोक्यात आहे, सुरुवात कुठून करू. वय २९, महापेला आयटीत नोकरी, फ्लॅटचा हप्ता चालू, एक पोरगी. घरी सांगितलंयस का विचारलं तर नाही.

आता मी काही मोठा माणूस नाही, लोकमान्य नगरला वीसेक वर्षं कार्यकर्ता म्हणून काढली, स्लिपा वाटल्या, बूथवर बसलो, मयतीला गेलो. पक्ष कुठला ते सांगत नाही, कारण मी बदलला नाही पण पक्षच फुटला, आता कुठला सांगू. पण ठाणे आणि नवी मुंबईतले आमदार कोण कसा वर आला ते डोळ्यासमोर झालंय, म्हणून त्याला तीन रस्ते समोरासमोर ठेवून दाखवले, तेच इथे टाकतोय, त्याच्यासारखे अजून असतीलच.

पहिला रस्ता शाखेचा, म्हणजे पक्षाच्या गल्लीतल्या कार्यालयाचा. याचं उदाहरण ठाण्यात शेंबडं पोरगंही सांगेल. एकनाथ शिंदे १९८४ ला किसननगरचे शाखाप्रमुख झाले, १९९७ ला नगरसेवक, मग महापालिकेत सभागृह नेते, आणि आमदार २००४ ला. हिशोब कर म्हटलं, शाखेच्या खुर्चीपासून आमदारकीपर्यंत २० वर्षं, तेही डोक्यावर आनंद दिघेंसारख्या माणसाचा हात असताना. २०२२ चं मुख्यमंत्रीपद वगैरे सगळं त्याच्या नंतरचं. पण त्या २० वर्षांचं जे पीक आहे ना ते बघ, २००९ पासून कोपरी-पाचपाखाडी सलग, आणि २०२४ ला समोर दिघे साहेबांचे पुतणे केदार दिघे उभे असताना १ लाख २० हजारांच्या वर लीड. एवढी मतं भाषणाने येत नाहीत रे.

ती कशाने येतात ते मी जवळून बघितलंय. संध्याकाळी साडेसातला शाखेत टेबल लागतं, बाजूला चहाचा थर्मास, आणि लाइन. एकाला शाळेच्या ॲडमिशनला चिठ्ठी, एकीचा नळ तीन दिवस कोरडा, एक म्हातारा नुसता बसायला आलेला. रात्री दीडला फोन येतो की अमक्याचे वडील गेले, मग अँब्युलन्स, तिरडीचं सामान, जवाहरबाग स्मशानात आधी सांगून ठेवायचं, आणि सकाळी सगळं आटोपल्यावर त्या घरात चहाची किटली पोचली की नाही हे बघायचं. ही किटली लक्षात ठेव म्हटलं. पाच वर्षांनी त्या घरातली सहा मतं त्या किटलीची असतात, बाकी तू गटार बांधलंस की बाग केलीस ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. भाचा म्हणाला पण मामा मला सकाळी साडेनऊला लॉगिन असतं. बरोबर, म्हणून तर विचारतोय.

या रस्त्याचा दुसरा खड्डा म्हणजे सोडत, कुठला वॉर्ड कुणाला राखीव ते चिठ्ठी काढून ठरतं ती. हे माझ्यावरच गेलंय. एक वॉर्ड मी बारा वर्षं सांभाळला, प्रत्येक बिल्डिंगचा सेक्रेटरी नावाने ओळखायचो, आणि ऐन वेळी वॉर्ड महिला झाला. आमच्याकडे पालिकेत निम्म्या जागा महिलांना असतात, ते योग्यच आहे, तक्रार नाही, पण माझी बायको म्हणाली मी उभी राहणार नाही, तुमची हौस तुम्ही करा. वरच्यांनी मग तिकीट ज्याच्या घरी दिलं त्याने त्या वॉर्डात आधी पाऊलही ठेवलं नव्हतं, आणि त्याच्या प्रचाराच्या स्लिपा मीच वाटल्या. त्यात ते चार जणांचं पॅनेल, एकाच वॉर्डात चार नगरसेवक, म्हणजे तुझी मतं बाकीच्या तिघांवर आणि त्यांची पापं तुझ्यावर. आणि हो, सप्टेंबर २००१ नंतरची मुलं धरून दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर नगरसेवकाला उभंच राहता येत नाही, गंमत म्हणजे आमदाराला ती अट नाही. भाच्याला एकच पोरगी आहे त्यामुळे तो निवांत.

तिसरं, शिडीची ही पायरी मधे गायबच होती. नवी मुंबई पालिकेची शेवटची निवडणूक २०१५ ची, मुदत २०२० ला संपली, ठाण्याची २०२२ ला, आणि त्यानंतर प्रशासक. निवडणुका लागल्या थेट जानेवारी २०२६ ला. मधल्या वर्षांत ज्यांचं वय पस्तीस-चाळीस होतं, पोस्टर छापून तयार होते, ते तसेच वाळले. आता पुढची २०३१ ला धर.

दुसरा रस्ता विधान परिषदेचा, म्हणजे मागच्या दाराचा असं लोक म्हणतात पण मला ते पटत नाही, दार दारच असतं. विधानसभा २८८ ची आणि वय २५ लागतं, परिषद ७८ ची आणि वय ३० लागतं, मुदत सहा वर्षं. त्या ७८ मधले ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे लोक, १२ राज्यपाल नेमतात, आणि ७ पदवीधर मतदार निवडतात, ७ शिक्षक. भाच्यासारख्याला यातलं खरं उघडं दार एकच, पदवीधर. आमदारांच्या कोट्यातून जायचं तर पक्षाच्या वरच्या माणसाचा तुझ्यावर जीव हवा, आणि स्थानिक संस्थांच्या जागेला नगरसेवकांची मतं लागतात, ती कशी जमवतात ते मी इथे लिहीत नाही. २०१६ ला ठाण्याच्या या जागेवर वसंत डावखरेंसारखा माणूस, जो वर्षानुवर्षं परिषदेचा उपसभापती होता, ज्याला सगळ्या पक्षांत मित्र, तो रवींद्र फाटकांकडून पडला. मैत्री एकीकडे, मतपेटी एकीकडे.

पदवीधरचं मात्र वेगळं आहे. संजय केळकर आधी कोकण पदवीधरमधून परिषदेवर होते, मग २०१४ ला ठाणे शहर विधानसभा, २०१९ आणि २०२४ ला पुन्हा. जितेंद्र आव्हाडही आधी परिषदेत, मग २००९ पासून मुंब्रा-कळवा चारदा. मंदा म्हात्रे राष्ट्रवादीकडून परिषदेवर होत्या, २०१४ ला भाजपमधून बेलापूर. म्हणजे परिषद हा शेवटचा स्टॉप नाही, अनेकांसाठी ती विधानसभेची तालीम ठरली. सहा वर्षं सभागृह कळतं, मंत्रालयात कुठली फाइल कुठल्या मजल्यावर अडते ते कळतं, नाव पेपरात येतं, आणि रात्री दीडचा फोन येत नाही. मतदारसंघात माणसं मात्र कच्ची राहतात, ती कमी नंतर भरावी लागते.

पण सोपं समजू नको. कोकण पदवीधर म्हणजे ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पाच जिल्हे, डहाणूपासून बांद्यापर्यंत. आणि मतदार आपोआप नसतो, बनवावा लागतो. दर निवडणुकीला यादी नव्याने, फॉर्म १८ भरायचा, पदवी होऊन तीन वर्षं झालेली पाहिजेत, सोबत डिग्रीची साक्षांकित कॉपी. मी एकदा नौपाड्यात असं टेबल टाकून बसलो होतो तीन शनिवार. लोक काय काय आणतात, एक काका एफवायची मार्कशीट घेऊन आले, एकीने लग्नाचं सर्टिफिकेट आणलं कारण आडनाव बदललंय आणि डिग्री माहेरच्या नावाची, एक जण म्हणाला माझी डिग्री फ्रेममध्ये आहे, भिंतीवरून काढता येत नाही, फोटो चालेल का. दिवसाला तीसेक फॉर्म झाले तर डोक्यावरून पाणी. आणि मतदानाला बटण नाही, कागद आहे, आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेननेच पसंतीचा आकडा लिहायचा. शिकलेले लोक बरं का, डॉक्टर, वकील, आणि तरी आकड्याऐवजी टिक मारून येतात, मग मत बाद. म्हणजे ही निवडणूक जिंकायची तर आधी वर्षभर कारकुनी करायची. पण कारकुनी नोकरी सांभाळून होते, शाखा होत नाही. निरंजन डावखरे २०१२ ला राष्ट्रवादीकडून, २०१८ आणि २०२४ ला भाजपकडून, तिन्ही वेळा इथूनच, पक्ष बदलला तरी जागा तीच. ज्याच्या हातात नोंदणी त्याच्या हातात जागा, मला तरी असंच दिसतं.

तिसरा रस्ता स्वतःच्या फौजेचा, तो नवी मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. गणेश नाईक, बोनकोड्याचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमधली कामगार युनियन, आणि १९९० ला बेलापूरमधून आमदार. आधी शिवसेना, १९९९ पासून राष्ट्रवादी, २०१९ ला भाजप. यात पक्ष माणसाला नेत नाही, माणूस पक्षाला नेतो. पण हाही रस्ता पडण्यापासून वाचवत नाही, १९९९ ला पडले, २०१४ ला मंदा म्हात्रेंकडून दीड हजाराच्या आत पडले, आणि तरी २०१९ आणि २०२४ ला ऐरोलीतून परत आले, आज मंत्री आहेत. स्वतःची माणसं असली की पडल्यावर उचलायला कुणीतरी असतं, हा याचा मोठा फायदा. तोटा असा की ती फौज पुढच्या पिढीला तशीच्या तशी मिळेल याची खात्री नाही. संदीप नाईक ऐरोलीचे दोनदा आमदार, वडिलांसाठी जागा सोडली, २०२४ ला शरद पवारांच्या पक्षातून बेलापूरला उभे राहिले आणि ३७७ मतांनी पडले. ३७७! एका मोठ्या सोसायटीत याहून जास्त मतं असतात. त्या रात्री कोपरखैरण्यात कुणाला झोप लागली नाही म्हणे, भाचाच सांगत होता.

हा तिसरा रस्ता भाच्यासाठी नाहीच, मी त्याला तोंडावर सांगितलं. आज त्या पट्ट्यात कायम कामगार किती उरलेत, सगळं कंत्राटावर, आणि आयटीवाला युनियन करायला गेला तर पुढच्या महिन्यात तोच बाहेर. पैशाचं पण बघ, विधानसभेला उमेदवाराने खर्च करायची मर्यादा ४० लाख आहे, ती कागदावरची. उरलेल्याबद्दल कुणाला विचारू नको.

अजून एक गोष्ट कुणी धरत नाही हिशोबात, ती म्हणजे नकाशा. २००९ च्या निवडणुकीला मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली आणि आमच्याकडे ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, मुंब्रा-कळवा, ऐरोली असे नवे मतदारसंघ निघाले. प्रताप सरनाईक, आव्हाड, संदीप नाईक, तिघांचीही विधानसभेतली एंट्री त्याच वर्षी. नवीन मतदारसंघात आधीचा साहेब बसलेला नसतो ना, म्हणून नवा माणूस घुसतो. आता जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना येणार, आणि २०२३ ला जी घटनादुरुस्ती झाली त्याप्रमाणे त्यानंतर विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांना. म्हणजे मी जे वॉर्डात भोगलं ते उद्या मतदारसंघात होणार, दहा वर्षं बांधलेला मतदारसंघ महिला झाला की संपलं. तेव्हा एकाच मतदारसंघावर सगळं आयुष्य लावणं आता आधीपेक्षा धोक्याचं आहे, उलट पाच जिल्ह्यांच्या पदवीधरला असं काही होत नाही. ज्यांच्या घरी बायको किंवा बहीण खरंच तयार आहे, नुसती सहीपुरती नाही, त्यांनी मात्र हे उलटं वाचावं, त्यांच्यासाठी २०२९ नंतर दारं उघडतायत.

मग माझं मत काय. नोकरी सोडायची नसेल, घरात राजकारण नसेल, पैसा बेताचा असेल, तर पदवीधर. पुढची निवडणूक २०३० ला, तोवर भाचा तिशी पार केलेला असेल. पण निव्वळ पदवीधर नाही, आपल्या सेक्टरमध्ये निदान दोन सोसायट्यांचं पाण्याचं आणि पार्किंगचं बघायला लागायचं, नाहीतर सहा वर्षांनी विधानसभा मागायला जाशील तेव्हा विचारतील तुला ओळखतं कोण. धंदा स्वतःचा असेल, वेळ हातात असेल आणि बायको रात्री दीडच्या फोनला कटकट करत नसेल, तर शाखाच, वीस वर्षं लागोत नाहीतर पंचवीस. घाई असेल तर राजकारणात येऊच नका, घाईवाले सगळे सोशल मीडियावर भावी आमदार म्हणून फ्लेक्स लावून बसलेत, वाढदिवसाला केक कापतात आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत गायब.

भाच्याला पटल्यासारखं वाटलं. म्हणाला पदवीधर मस्त आहे मामा, मी एक्सेल शीट बनवतो. मी म्हटलं बनव, पण २०२४ च्या जूनला मतदान केलंस का पदवीधरला. तो म्हणाला लोकसभेला केलं होतं की. म्हटलं लोकसभा नाही, पदवीधर, २६ जूनला. तर गप्प. नोंदणीच केली नव्हती, निवडणूक झाल्याचंही माहीत नव्हतं. बरं म्हटलं, ते जाऊ दे, पहिला फॉर्म तुझाच भरू वेळ आली की, डिग्री सर्टिफिकेट कुठंय. म्हणाला आईकडे असेल गावाला, ट्रंकेत.