पाव इंची जाळी: चार तारे, पाचवा बोटांच्या नावानं कापला

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्या परसात चिपमंक फार. पुण्याहून आलेल्यांना ती खारच वाटते. पण हा राहतो बिळात. दोन इंचांचं गोल भोक, बाहेर मातीचा कण नाही, म्हणून चटकन दिसतही नाही. मे महिन्यात दुधीच्या बिया नि भुईमूग टोचला, तर दुसऱ्या सकाळी महाशय गालफुगी झाल्यासारखे गाल घेऊन वाफ्याच्या फळीवर बसलेले!

आधी त्याला पळवायला अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची खुंटी आणली. तीन आठवड्यांत तिच्याच बुडाशी बीळ निघालं. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून बजावलं होतं. हे मी वाचलं पैसे गेल्यावर. मग ह्यांनी घरचं लाल तिखट भुरभुरलं. शिंकलो आम्हीच, आणि पावसानं ते धुऊन गेलं.

शेवटी जाळी. इथे तिला हार्डवेअर क्लॉथ म्हणतात. कापडाशी काही संबंध नाही, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार आहे. पाव इंची भोकांचीच घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका, त्यातून तो आरामात येतो. वाफ्याच्या तळाशी ही जाळी अंथरून कडेला वर वळवली आणि पेरणीवर एक तुकडा दगडांनी दाबला. तेव्हापासून एक बी गेली नाही.

पायरीखालचं भोक बुजवायच्या आधी मात्र त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून दोन दिवस बघा. आमचा बोळा सकाळी बाहेर पडलेला होता, म्हणजे स्वारी आत. घाईनं जाळी ठोकली असती तर जीव कोंडला असता.

पाचवा तारा कापला तो कडांसाठी. पत्रा कापायच्या कात्रीनं जाळी कापली की प्रत्येक तार सुईसारखी उभी राहते. चामडी हातमोज्यांतूनही दोनदा रक्त आलं. आणि उगवण दिसली की वरचा तुकडा त्याच दिवशी काढा. मी आठवडाभर विसरले. मेथी जाळीच्या भोकाभोकांतून वर आली, जाळी उचलेना, शेवटी वरच्या वर कात्रीनं कापून भाजी केली.