कॉलर्पा घालवायची तर मीठ की ताडपत्री?

तलावात कॉलर्पा टॅक्सिफोलिया (झपाट्याने पसरणारं हिरवं समुद्री शेवाळ) सापडली आहे आणि ती नुसती उपटून संपत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो. हे अख्खं शेवाळ म्हणजे आत आडभिंती नसलेली एकच लांबलचक पेशी. तुटलेला लहानसा तुकडाही रुजतो. तेव्हा खरी निवड दोनांतच असते: तिच्यावर मीठ पसरायचं की ताडपत्री अंथरायची. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या तलावांत बुडी मारून मी दोन्ही कामं केली आहेत.

ताडपत्रीच्या बाजूने सगळ्यात वजनदार दाखला कॅलिफोर्नियाचा. 2000 साली कार्ल्सबॅडच्या अग्वा हेडिओंडा खाजणात कॉलर्पा सापडली. तिथल्या लोकांनी तिच्यावर पीव्हीसीची ताडपत्री अंथरली, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबल्या आणि आत क्लोरीन सोडलं. 2006 मध्ये ती समूळ गेल्याचं जाहीर झालं. खर्च 70 लाख डॉलरच्या वर गेला, पण काम पुरं झालं. मिठाच्या नावावर असा निकाल नाही. न्यू साउथ वेल्समध्ये लेक मॅक्वारीसारख्या ठिकाणी मिठाने कॉलर्पा आटोक्यात आली, राज्य मात्र मुक्त झालं नाही. इथे ती एकाच वेळी बऱ्याच जागी पसरलेली होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

तरीही माझा कल मिठाकडे आहे आणि त्याला कारण ताडपत्रीची कड. तळाला मऊ गाळ असला की वाळूची पिशवी रुतते आणि शेजारची कड वर येते. खाली शेवाळ कुजू लागलं की वायू धरतो, ताडपत्री मधोमध फुगते आणि पाणी हललं की तीही हलते. त्या हलण्याने गाळ असा उसळतो की स्वतःचा हात दिसत नाही. आत काय चाललंय ते पाहायचं तर कड उचलावी लागते, आणि उचलली की क्लोरीन बाहेर. म्हणून न बघता वाट पाहायची. एका जागी मी कडेवरून हात फिरवत गेलो, तर पिशव्यांच्या फटीतून धुमारे बाहेर आलेले होते, ताजे, पोपटी, मुळं धरलेले. आत सगळं मेलं असेलही, पण कडेला ती जिवंत होती.

मीठ टाकल्यावर डोळ्यांना सगळं दिसतं. आठवडाभरात पानं पांढरी पडून लोळतात, आणि कुठे हिरवं उरलंय ते पाहून तेवढ्यावरच पुन्हा मीठ टाकता येतं. झोस्टेराचं समुद्री गवतही त्यात भाजून निघतं, पण काही महिन्यांत ते पुन्हा फुटतं. ताडपत्रीखालीही ते मरतंच.

मिठाचं खरं दुखणं म्हणजे वजन. 1 चौरस मीटरला 50 किलो धरा. म्हणजे 10 बाय 10 मीटरच्या तुकड्याला 5 टन खडेमीठ होडीने न्यायचं आणि सारख्या थराने पसरायचं. माणसं दमतात. ॲडलेडच्या वेस्ट लेक्समध्ये 2003 साली गोडं पाणी सोडून कॉलर्पा मारली, पण त्यासाठी तलाव बंदिस्त हवा आणि तेवढं गोडं पाणीही हवं.

कॉलर्पा कुठे कुठे आहे याच्या पाहणीसाठी होडीमागे ओढायचा कॅमेरा मोठं क्षेत्र लवकर उरकतो, हे मान्य. पण झोस्टेराच्या पात्यांत लपलेला वीतभर धुमारा मला त्यात क्वचितच दिसला. दोरी धरून ओळीने पोहणारे पाणबुडे तो शोधतात. कॅमेरा आधी, माणसं नंतर, हे जमत असेल तर उत्तम.

तळ उताराचा असेल किंवा भरती-ओहोटीची ओढ जोरात असेल, तर मीठ टिकणार नाही. तिथे ताडपत्रीच घाला आणि कडेसाठी एक माणूस वेगळा ठेवा. तळ सपाट, पाणी उथळ आणि संथ असेल, तर मी मीठच मागवेन.