नदीतल्या रोचसाठी फीडर रॉड: ड्रेनन अ‍ॅकोलाइट अल्ट्रा, 11 फूट

इंग्लंडमधल्या नद्यांवर मासेमारीचा हंगाम 16 जूनला सुरू होतो आणि 14 मार्चला संपतो. मोठ्या रोच माशाच्या मागे लागलेली मंडळी मात्र खऱ्या अर्थाने बाहेर पडतात ती ऑक्टोबर उलटल्यावर, जेव्हा होड्यांची वर्दळ थांबते, पाणवनस्पती कुजून जातात आणि मासे खोल, संथ वळणांवर गोळा होऊ लागतात. याच सुमारास दुकानांत हलक्या फीडर रॉडची, म्हणजे गरीजवळ खाद्याची नळी टाकण्याच्या काठीची, चौकशी वाढते. ‘सेन्सिटिव्ह’ ही बिरुदावली त्यातल्या जवळपास प्रत्येक काठीला लावलेली असते, त्यामुळे तिच्यावरून निवड करणे अशक्य होते. ऑक्सफर्डजवळच्या टेम्सवर मी काही हिवाळे ड्रेननची 11 फुटी अ‍ॅकोलाइट अल्ट्रा वापरत आलो आहे. ड्रेनन ही कंपनीही ऑक्सफर्डचीच, पण माझ्या मताशी त्याचा संबंध नाही.

काठीकडे वळण्यापूर्वी माशाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण निवडीचे सगळे निकष त्याच्या तोंडाशी येऊन थांबतात. रोच हा चंदेरी अंगाचा, तांबूस परांचा आणि लालसर डोळ्यांचा मासा. रोहू-कटल्याच्याच गणातला, पण आकाराने फारच लहान. अर्ध्या पौंडाचा रोच चांगला मानतात, एक पौंडाचा मिळाला तर दिवस सत्कारणी लागतो, आणि दोन पौंडांचा नदीतला रोच अनेकांना आयुष्यभर भेटत नाही. डॉर्सेटमधल्या स्टूर नदीत रे क्लार्क यांनी 1990 साली पकडलेला 4 पौंड 3 औंसांचा रोच पुढे बरीच वर्षे ब्रिटनचा विक्रम म्हणून टिकला, यावरून या माशाची कमाल मर्यादा कळते. त्याचे ओठ पातळ असतात आणि जोराचा झटका बसला की ओठ फाटून गरी निघते. त्यातून तो आमिष घशातल्या दातांनी चिरडून क्षणात थुंकतो. मॅगटचे, म्हणजे माशीच्या अळ्यांचे, कोश, ज्यांना इथे कॅस्टर म्हणतात, ते गरीवर लावून टाकावेत आणि काही वेळाने नुसती रिकामी टरफले वर यावीत, मधल्या काळात काठीचे टोक हललेही नसावे, हा अनुभव रोचवाल्यांना नेहमीचाच आहे.

असा मासा कळावा म्हणून सर्वांत मऊ टोकाची काठी घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. स्थिर पाण्यात तो बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण वाहत्या पाण्यात तो फसवा ठरतो. फीडर रॉडच्या शेवटी क्विव्हर टिप नावाचे सुईसारखे निमुळते, बदलता येणारे टोक असते आणि त्याचा ताठरपणा औंसांत मोजतात. अर्ध्या औंसाची टिप नदीत लावली की प्रवाहाचा दोरीवरचा दाब तिला पूर्ण वाकवून टाकतो. आधीच शेवटपर्यंत वाकलेले टोक माशाच्या ओढीने आणखी वाकायला जागाच उरत नाही. ते दिसायला अतिशय नाजूक, पण सांगायला मुके असते. टेम्सच्या सर्वसाधारण हिवाळी प्रवाहात मला 1 औंसाची टिप सर्वाधिक उपयोगी पडली आहे, पाणी चढलेले असेल तर दीड औंसाची. अर्ध्या औंसाची टिप मी फक्त बांधाच्या आडोशाला, जिथे पाणी जवळजवळ उभे असते, तिथे काढतो.

टिप, फीडर आणि प्रवाह यांचा मेळ जमला की नदी स्वतःच संवेदनशीलता पुरवते. फीडर म्हणजे गरीजवळ खाद्य नेऊन पोचवणारी लहानशी जाळीदार नळी, जिला तळाशी शिसे लावलेले असते. हिवाळ्यात मी तिच्यात मिक्सरमधून काढलेला पांढऱ्या पावाचा चुरा भरतो आणि गरीवर पंचने कापलेली पावाची चकती लावतो. फीडर थोडा प्रवाहाच्या दिशेने टाकायचा, काठी उंच धरून जास्तीत जास्त दोरी पाण्याबाहेर ठेवायची, आणि तळाला टेकल्यावर हात-दीड हात दोरी जाणूनबुजून सैल सोडून तिला पाण्यात कमान घेऊ द्यायची. फीडरचे वजन असे निवडायचे की तो तळाला जेमतेम धरून राहील. 20 ग्रॅमचा टिकत असेल तर 30 ग्रॅमचा लावू नये. मग रोचने आमिष उचलून बोटभर जरी बाजूला नेले तरी फीडर जागेवरून सुटतो, प्रवाह त्याला खाली ढकलतो आणि वाकलेले टोक एकदम सरळ होते. हा मागे पडणारा इशारा इतका स्पष्ट असतो की तो ओळखायला तीक्ष्ण नजरही लागत नाही, आणि बहुतेक वेळा मासा तोवर आपणच गरीवर अडकलेला असतो.

म्हणून टिपेपेक्षा तिच्याखालच्या दोन-तीन फुटांकडे मी जास्त लक्ष देतो आणि अल्ट्रा माझ्या पसंतीला उतरली ती तिथेच. स्वस्त काठ्यांत टिप मऊ आणि तिच्याखालचा भाग दांडक्यासारखा ताठ असतो. टिप वाकून संपली की सगळा ताण एकदम त्या ताठ भागावर येतो आणि पौंडभर वजनाच्या रोचने डोके हलवले की गरी सुटते. अल्ट्रामध्ये टिपेची कमान न तुटता वरच्या भागात उतरते आणि मासा जड असेल तर काठीच्या मध्यापर्यंत पोचते. जाळ्याच्या तोंडाशी येऊन रोच जो शेवटचा गिरका घेतो, त्या वेळी हा फरक हाताला अगदी स्पष्ट जाणवतो. काठी त्याच्याबरोबर झुकते आणि परत येते. 4 पौंडी (तेवढा ताण सोसणाऱ्या) नायलॉनची मुख्य दोरी आणि त्याहून बारीक शेवटची दोरी तिच्यावर निर्धास्तपणे वापरता येते. न ताणणारी विणलेली दोरी मी या कामासाठी लावत नाही, कारण काठीने सांभाळलेले ओठ ती दोरी फाडते.

दुकानात परीक्षा घेताना काठी हवेत सपासप हलवून काहीच कळत नाही. रीळ लावावे, दोरी कड्यांतून ओवावी, तिचे टोक दुकानदाराच्या हातात द्यावे आणि काठी हळूहळू उचलावी. टिप जिथे काठीत बसते तिथे कमानीला कोपरा पडतो का, हे बाजूने पाहावे. कोपरा दिसला तर किंमत कितीही उतरवली असली तरी ती काठी ठेवून द्यावी. टिपेवरची कडीही निरखावीत: फार बारीक कडी हलकी असतात खरी, पण कडाक्याच्या थंडीत त्यांत बर्फ धरतो आणि दर थोड्या वेळाने ती चोळून मोकळी करावी लागतात. मागची मूठ कोपराखाली नीट बसते की कोटात अडकते, हे जाड कोट घालूनच तपासलेले बरे.

लांबीच्या बाबतीत 11 फूट हा टेम्सच्या मध्यम रुंदीसाठी मला योग्य वाटतो. दुकानांत ‘हलक्या फीडर’ म्हणून मांडलेल्या 9 फुटी काठ्या बहुतांशी कार्प माशांसाठी खणलेल्या तळ्यांवर वापरायच्या असतात. नदीवर त्यांची उंची दोरी पाण्याबाहेर ठेवायला अपुरी पडते. दुसरीकडे, नॉटिंगहॅमजवळची ट्रेंट नदी भरून वाहत असेल आणि पन्नास-साठ ग्रॅमचा फीडर पलीकडच्या निम्म्या पात्रापर्यंत फेकायचा असेल, तर अल्ट्रावर तो अन्याय होईल. त्याच मालिकेतली अधिक ताकदीची प्लस किंवा दुसऱ्या कंपनीची 12 फुटी नदीची काठी तिथे घ्यावी, आणि बार्बेलसारखा ताकदवान मासा लागण्याची शक्यता असेल तर रोचची काठी घरीच ठेवावी. पवईच्या तलावात कटल्यासाठी ती चालेल का, असे मला एका स्नेह्याने विचारले होते, चालणार नाही.

दर्दी मंडळी यावर म्हणतील की रोच हा तरंडीनेच, म्हणजे दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणेनेच, धरायचा मासा आहे आणि फीडर हे आळशांचे साधन आहे. संथ, उथळ, स्वच्छ पाण्यात तरंडी प्रवाहाबरोबर सोडत नेण्याचा आनंद वेगळाच असतो, हे मलाही मान्य आहे. परंतु पूर ओसरताना गढूळपणा निवळू लागतो, तेव्हा, विशेषतः संध्याकाळच्या शेवटच्या तासात, मोठे रोच तळाशी एका जागी ठेवलेले आमिष उचलतात. त्या अंधूक उजेडात लांबवर गेलेली तरंडी दिसत नाही. नारिंगी रंगवलेली टिप मात्र काळ्या पाण्यावर दिसते.

किंमत ही या काठीची खरी अडचण आहे. दोनशे पौंडांच्या पुढची काठी केवळ अर्ध्या पौंडाच्या माशांसाठी घेणे अनेकांना पटणार नाही, आणि वर्षातून चार-दोन वेळाच नदीवर जाणाऱ्याला मी तसा आग्रहही करणार नाही. त्याने वर सांगितलेली कमानीची परीक्षा लावून निम्म्या किमतीत, जुन्या बाजारात वापरलेली काठी शोधावी. चांगल्या कमानीच्या वापरलेल्या काठ्या मिळतात आणि टोके वेगळी विकत घेता येतात; फक्त नवी टोके घेताना जुन्या काठीच्या तोंडाचा व्यास मोजून न्यावा. एका वेळी दोन 1 औंसाची टोके घेणे शहाणपणाचे ठरते, कारण काठीत सर्वांत आधी मोडते ते हेच, आणि बहुधा गाडीच्या दारात.