ऑपरेशन झालेला गुडघा पुन्हा बोलू लागला: फिजिओ, इंजेक्शन की आणखी एक ऑपरेशन?

ठाणे स्टेशनचा पूल चढताना काही होत नाही, उतरताना मात्र हात आपसूक कठड्याकडे जातो. अकरा वर्षांपूर्वी बॉक्स क्रिकेट खेळताना लिगामेंट तुटलं. दुर्बिणीतून नवं बसवलं, फाटलेली गादी थोडी कापली. आता एक्केचाळिशीत रिपोर्टवर ‘सुरुवातीची झीज’ लिहून आलंय.

‘ऑपरेशन बिघडलं असेल’, हे घरच्यांचं पहिलं वाक्य. बहुतेकदा तसं नसतं. मार लागतो त्याच क्षणी कूर्चाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरणही, दुखावते. नवं लिगामेंट गुडघा सटकू देत नाही, पण झीज अडवेलच असं नाही. आणि गादी कापली की तोच भार कमी जागेवर येतो. अशी इजा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना १० ते २० वर्षांत झीज गाठते.

मला पहिल्याच भेटीत पीआरपी सुचवलं गेलं. आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात टोचायचा. ऐकायला झकास. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या चाचणीत (२०२१) अर्ध्यांना पीआरपी दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाइन. वर्षभराने दुखण्यात आणि कूर्चेत सांगण्याजोगा फरक नव्हता. ते सगळे पन्नाशीपुढचे होते, त्यामुळे माझ्या वयाला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तरी कोटेशनचा आकडा पाहून मी वही मिटली. त्या पैशांत फिजिओचे चार महिने निघाले.

स्टेरॉइडचं इंजेक्शन स्वस्त. सूज चढून पाय टेकवत नसेल तर काही आठवडे सुटका होते. मात्र दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं टोचत राहिलेल्यांची कूर्चा सलाइनवाल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखणं तेवढंच राहिलं, हे २०१७ च्या अमेरिकन चाचणीत दिसलं. घरच्या लग्नापुरतं एखादं ठीक, सवय नको.

फिजिओकडे पहिल्या दिवशी टेप निघाली. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर दोन्ही मांड्या मोजल्या. ऑपरेशनची मांडी अडीच सेंटीमीटर बारीक! अकरा वर्षं मी ती पँटमध्ये झाकून फिरत होतो आणि दोष गुडघ्याला देत होतो. मांडीचा पुढचा स्नायू ढिला असला की उतरताना बसणारा हिसका थेट सांध्यावर येतो. भिंतीला टेकून अर्धी बैठक, बुटक्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, आठवड्यातून तीनदा. कंटाळवाणं आहे, आणि पहिले तीन आठवडे गुडघा जास्तच कुरकुरतो. नेमकं तेव्हाच बहुतेक जण सोडतात. साधारण सहाव्या आठवड्यात मला पुलावर फरक जाणवला. जोडीला वजन: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. येऊरचा उतार सध्या बंद, तलावपाळीच्या सपाट फेऱ्या चालू. सायकल घरातलीच, घोडबंदरच्या खड्ड्यांत गुडघा वाचेल, पाठ जाईल.

राहिलं ऑपरेशन. दुर्बिणीने ‘आतून साफ करून घेऊ’ म्हणाले तर थांबा. काही जणांना नुसती वरवर चीर देऊन, आत काहीच न करता केलेल्या तुलनेतही (२००२) धुण्याचा फायदा दिसला नव्हता. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला आणि झीज फक्त आतल्या बाजूला असेल, तर नडगीचं हाड कापून प्लेट लावतात, म्हणजे भार बाहेरच्या चांगल्या बाजूकडे सरकतो. कित्येक आठवडे कुबड्या, पण चाळिशीत कृत्रिम सांध्यापेक्षा हे बरं, कारण तरुणपणी बसवलेला सांधा पुढे बदलावा लागण्याची शक्यता जास्त.

ह्या वाटेचा विचार असेल तर कमरेपासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला एक्स-रे मागा. माझा पहिला एक्स-रे टेबलावर झोपवून काढला होता. गुडघ्यावर भारच नव्हता, त्यामुळे त्यात सांध्यातली फट छान मोकळी दिसत होती.